ब्लायबराचं चर्च : एका सुताराचा रिव्ह्यू

याआधी मी नेटवर तीनच रिव्ह्यू लिहिलेत. एक ड्रिल मशीनचा (बरं आहे, चक जरा सैल), एक करवतीच्या पात्यांचा (घेऊ नका) आणि एक आमच्याकडच्या खानावळीचा, त्यावरून मालक अजून माझ्याशी बोलत नाही. चर्चवर कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. पण मुलगी म्हणाली, "बाबा, दोन आठवडे जेवायला बसलं की त्या बाकांचाच विषय. आता लिहून टाका आणि आम्हाला सोडा."

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे हे मत कुठल्या तोंडाचं आहे ते कळेल. मी ख्रिस्ती नाही आणि इतिहासाचा अभ्यासकही नाही. सिंधुदुर्गातल्या आयटीआयमध्ये एकतीस वर्षं पोरांना सुतारकाम शिकवलं. सरकारी कागदावर त्याला शिल्पनिदेशक म्हणतात. पोरं समोर मास्तर म्हणायची आणि पाठीमागे रंधा. घराण्याचा धंदाही तोच. त्यामुळे कुठल्याही देवळात गेलो की देवाच्या आधी माझी नजर खांबाकडे आणि तुळईकडे जाते. ही त्यावरून तीस वर्षं बोलतेय.

मुलगी-जावई इंग्लंडला इप्सविचला असतात. तिथून साउथवोल्ड नावाच्या समुद्रकाठच्या गावी जायचं ठरलं. मासे खायचे, वाळूत फिरायचं, नातवाला आइस्क्रीम द्यायचं. ए-बारा रस्त्याने पाऊण-एक तास गेल्यावर डावी-उजवीकडे सगळं सपाट झालं. ओहोटी होती. खाडीचा चिखल उघडा पडलेला, काठाला बोरूचं रान, आणि त्या सगळ्यावर एकच उंच वस्तू उभी. एवढ्या सपाटीवर एवढी मोठी इमारत, की मला आधी वाटलं कारखाना असेल. जावई म्हणाले, "चर्च आहे. लोक याला दलदलीतलं कॅथेड्रल म्हणतात. थांबू या का?" थांबलो. साउथवोल्डला पोचेपर्यंत माशांचं दुकान बंद झालं होतं. त्याबद्दल घरात अजून ऐकून घेतोय.

नावाचं आधी. स्पेलिंगमध्ये बी-एल-वाय-टी-एच आणि पुढे बरीच अक्षरं आहेत, पण तिथली माणसं 'ब्लायबरा' म्हणतात. परगणा सफक. चर्चचं नाव होली ट्रिनिटी. गावात आज जेमतेम तीनेकशे माणसं आहेत आणि चर्च सव्वाशे फुटांच्या आसपास लांब. एवढ्याशा गावाला एवढं चर्च कशाला, हा प्रश्न माझ्याही डोक्यात आला. उत्तर खाडीत आहे. पंधराव्या शतकात इथवर बोटी यायच्या, मासळीचा आणि मालाचा धंदा होता, शेजारी ऑगस्टिनियन साधूंचा मठ होता. पैसा होता तेव्हा जुनं पाडून हे नवं बांधलं. पुढे नदी गाळाने भरली, बोटी मोठ्या झाल्या आणि इथं यायच्या थांबल्या. १५३७ मध्ये आठव्या हेन्री राजाच्या मठ मोडायच्या मोहिमेत हा मठही मोडला. गाव आटलं, चर्च तेवढंच राहिलं. मोठं कुटुंब शहरात गेल्यावर मागे उरलेल्या चौसोपी घरासारखं.

एक गोष्ट मला फार आवडली. त्या काळच्या इंग्लंडात वाटणी ठरलेली होती. वेदीकडचा पूर्वेचा भाग, त्याला चान्सेल म्हणतात, तो ज्याच्याकडे दशांशाचं उत्पन्न (म्हणजे लोकांनी चर्चला द्यायचा पिकाचा दहावा हिस्सा) जातं त्याने राखायचा. इथं तो मठाचा. लोक जिथं जमतात तो लांब भाग, म्हणजे नेव्ह, गावाने वर्गणीतून राखायचा. थोडक्यात गाभारा मठाकडे आणि सभामंडप गावकऱ्यांकडे. चान्सेलचं काम १४४२ च्या सुमाराला निघालं. आता असे दोन मालक म्हटले की आमच्याकडे मधे निदान एक भिंत आली असती. इथं उलटं आहे. दोन्हींच्या मधे बहुतेक चर्चमध्ये असते ती दगडी कमानच नाही. छत या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. दोन हिश्शेदारांनी एक छत बिनभांडणाचं केलं, यालाच मी पहिले पाच तारे देतो.

बाहेरच्या बाजूबद्दल फार बोलत नाही, कारण दगड हा माझा विषय नव्हे. सफकमध्ये बांधकामाला चांगला दगड मिळत नाही, तिथं गारगोट्या मिळतात. त्या फोडायच्या, काळी तुकतुकीत फुटलेली बाजू बाहेर ठेवायची आणि बाहेरून आणलेल्या फिक्या दगडाच्या नक्षीत त्या कोंदणासारख्या बसवायच्या. लांबून काळ्या-पांढऱ्या जरीकाठासारखं दिसतं. हिने हात लावून बघितला, म्हणाली, "काचेसारखं आहे की." खिडक्या मोठ्या आणि त्यातली काच जवळपास सगळी साधी, पारदर्शक. जुन्या रंगीत काचेचे तुकडे वरच्या जाळीत तेवढे उरलेत. वरच्या ओळीत एका बाजूला अठरा खिडक्या आहेत. अठरा! आत पाऊल टाकलं की पहिल्यांदा जाणवतो तो उजेड. रंगीत काचांच्या चर्चमध्ये लाकूड नीट दिसत नाही, सगळं कसं सरबतात बुडवल्यासारखं वाटतं. इथं सकाळी अकराच्या उन्हात मला लाकडाची रेषान् रेषा दिसत होती. फरशी विटांची आणि दगडांची, गुलाबी-पांढरट, झिजलेली. भिंती पांढऱ्या. झुंबर नाही, सोनं नाही. श्रीमंती बघायला जाणाऱ्यांनी दुसरीकडे जावं.

आता छत.

मान वर केली आणि पहिला अर्धा मिनिट काही कळलंच नाही. मग कळलं की वर कुणीतरी उडतंय. छताला चढ फार कमी आहे. आडव्या तुळया या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेल्यात, मधून आढं गेलंय, आणि तुळई-आढ्याच्या गाठीवर पाठीला पाठ लावून देवदूतांच्या जोड्या बसवल्यात. एकाचं तोंड पूर्वेला, एकाचं पश्चिमेला. पंख पूर्ण पसरलेले. आज बारा आहेत, पूर्वी जास्त होते. तुळयांवर आणि वाशांवर पांढऱ्या रंगावर लाल-हिरवी फुलं आणि येशूच्या नावाची अक्षरं काढलेली, तीही मूळची. रंग इतका विटलाय की धुतलेल्या लुगड्याच्या काठासारखा दिसतो. तो कुणी नव्याने भरला नाही याबद्दल कुणाचे आभार मानायचे ते पुढे सांगतो.

सल्ला एक : दुर्बीण न्या. मी नेली नव्हती. पाच मिनिटांत मान धरली. नातू सात वर्षांचा, तो सरळ बाकावर आडवा झाला आणि मोजू लागला. मला या वयात ते जमेना. शेवटी मोबाइल काढला, सेल्फीचा कॅमेरा चालू केला आणि मांडीवर आडवा धरला. आरशासारखं सगळं छत मांडीवर उतरलं. बोटांनी मोठं करून एकेक देवदूत निवांत बघितला. ही युक्ती फुकट देतोय.

पंखांबद्दल माझं एक निरीक्षण आहे. देवदूताचं अंग एका जाड लाकडाचं कोरता येतं, पण तेवढे पसरलेले पंख त्याच ओंडक्यातून काढले तर नस आडवी येते आणि पंख पहिल्याच उन्हाळ्यात मोडतो. माझ्या नजरेला पंखांच्या फळ्या वेगळ्या दिसल्या, नस पंखाच्या लांबीत धरलेली, अंगात बसवलेल्या. म्हणजे देवदूताला पंख फुटले ते कुसू आणि खुंटीने. हे मी नातवाला सांगितलं. तो म्हणाला, "मग ते उडतात कसे?" त्याला त्याच्या आजीकडे पाठवला.

हे देवदूत वाचले कसे, याच्या दोन गोष्टी तिथं ऐकायला मिळतात. पहिली खरी आहे. इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांचं युद्ध चालू असताना पार्लमेंटच्या बाजूचा विल्यम डाउझिंग नावाचा एक माणूस चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं मोडत या भागात फिरत होता. कुठे काय मोडायला लावलं ते तो डायरीत लिहायचा, एखाद्या ओव्हरसीअरने साइट-रजिस्टर भरावं तसं. एप्रिल १६४४ मध्ये तो इथं आला आणि वीस देवदूत उतरवा असा हुकूम देऊन गेला. हुकूम दिला आणि पुढच्या गावी गेला. शिडी कुणी लावायची, परांची कुणी बांधायची, त्याचे पैसे कुणी द्यायचे? ज्याने कधी उंचीवर काम केलंय त्याला पुढचं सांगायला नको. खाली हाताला लागेल ते फुटलं, वरचं राहिलं.

दुसरी गोष्ट खोटी निघाली, पण सांगायला जास्त रंगते. देवदूतांच्या लाकडात शिशाच्या गोळ्या सापडल्या. पिढ्यान् पिढ्या लोक म्हणत, डाउझिंगच्या माणसांनी खालून बंदुका झाडल्या. १९७० च्या दशकात छताची दुरुस्ती झाली तेव्हा नीट बघितलं, तर छर्रे नंतरच्या काळातले. चर्चच्या अठराव्या शतकातल्या हिशेबात दारू-गोळीचा खर्च टाकलेला आहे : जॅकडॉ मारायला. जॅकडॉ म्हणजे कावळ्याचा धाकटा भाऊ. छतात घरटी करायचे, घाण करायचे, गावकरी आतूनच बंदूक चालवायचे. आमच्या वर्कशॉपच्या पत्र्याखाली पारवे बसायचे. आमच्याकडे बंदूक नव्हती एवढाच फरक.

मान दुखायला लागली की खाली बघा. खरा माल खाली आहे.

छतासाठी लोक लांबून येतात, पण मी दोनदा गेलो तो बाकांसाठी. चर्चमध्ये बाक ही तशी उशिरा आलेली सोय, पूर्वी लोक उभेच असत. पंधराव्या शतकात ओकचे बाक सर्रास आले, आणि बाकाच्या टोकाला जी उभी फळी येते तिच्या शेंड्यावर कोरीव काम करायची पद्धत पडली. बहुतेक ठिकाणी पानाफुलांचा गोंडा असतो. इथं त्या जागी माणसं बसवलीत, वीतभर-दीडवीतभर उंचीची. आणि ती माणसं म्हणजे पापं. आळस, खादाडपणा, लोभ, ढोंग, चहाडी. काही ठिकाणी शेतीची कामं आणि ऋतू : पेंढीवाला, डुक्कर मारणारा.

आळस अंथरुणात आहे. पलंग कोरलाय, पांघरूण कोरलंय, त्यात हा उठून बसल्यासारखा. उठला आहे की उठणार आहे ते कळत नाही, आणि तीच गंमत. लोभ आपल्या पेटीवर बसलाय, पेटीत पैसे. खाली चोर येईल म्हणून बूड हलवत नाही. चहाडखोराची जीभ बाहेर. ढोंगी माणूस हात जोडून प्रार्थना करतोय, पण डोळे उघडे! हे मला कळायला वेळ लागला. आधी वाटलं, कारागिराला मिटलेले डोळे जमले नसतील. मग बाकीचं काम बघून लाज वाटली. ज्याला पांघरुणाची चुणी काढता येते त्याला पापणी काढता येणार नाही? त्याने डोळे मुद्दाम उघडे ठेवलेत. शेजारी कोण बसलंय, कुणी किती वर्गणी घातली, हे बघायला.

खादाडाचं पोट दोन्ही हातांत मावत नाही. तिथं ही थांबली, माझ्याकडे बघितलं आणि चर्चमध्ये शोभणार नाही अशा आवाजात म्हणाली, "ह्यो बघा, तुमचोच भाव दिसता." (भाव म्हणजे भाऊ.) मागे फुलदाण्या पुसत असलेल्या एका इंग्रज आजीबाईंना मालवणी येत नव्हती, पण अर्थ पोचला. त्या हसल्या.

त्याच आजींनी मग, मी इतका खाली वाकून काय बघतोय, म्हणून विचारलं. मुलीने सांगितलं, बाबा सुतार आहेत. त्यांचा चेहराच बदलला. हवं तितका वेळ बघा म्हणाल्या. मी बघितला. एका बाकापाशी पाऊण तास. ज्यांना लाकडात रस नाही त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.

ओक आणि साग यांची जात वेगळी. सागात तेल असतं, तो पटाशीखाली लोण्यासारखा चालतो आणि हाताला चोपडा लागतो. ओक कडक, पण ओला असताना बराच मऊ असतो, आणि त्या काळचे सुतार तो ओलाच कापायचे. मग तो जागेवर आटतो, पिळतो, आणि खुंटीला घट्ट धरून बसतो. फळी गाभ्यातून उभी चिरली तर पृष्ठभागावर रुपेरी चट्टे उठतात, पाण्यावर ऊन पडल्यासारखे. इथल्या बाकांवर ते दिसतात, कारण त्यावर गडद व्हार्निश चोपडलेलं नाही. लाकूड राखाडी-मधाळ रंगाचं झालंय. लोखंडी खिळा जिथं लागलाय तिथं भोवती निळंकाळं वर्तुळ पडलंय. ओकमधला टॅनिन लोखंडाला असा धरतो. चहाच्या भांड्यात खिळा टाकून बघा. फळीच्या कडेला खालच्या बाजूला हात फिरवला, तर जिथं कुणी बघणार नाही तिथं रंध्याची लाट हाताला लागते. वर सफाई, आत घाई. आमची पोरं तेच करायची आणि मी मार्क कापायचो. पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसाचे कापू शकलो नाही. शेंड्यावरचा पुतळा आणि खालची फळी यांत जोड शोधला, मला दिसला नाही. म्हणजे आळशी, त्याचा पलंग आणि बाकाची फळी हे सगळं एकाच लाकडातून. आधी पुतळ्यापुरतं जाड लाकूड घ्यायचं आणि बाकी सगळं उतरवून टाकायचं. ढलप्यांचा केवढा ढीग पडला असेल!

बसायला मात्र बाक कसे आहेत? पाठ टेकून डुलकी घ्यायची सोय नाही. आळस समोर कोरलाय तो उगाच नाही. गादी घेतली तर बरं. बसण्याच्या सोयीला पाचपैकी दोन.

पुढे वेदीकडे गायकांच्या बसायच्या जागा आहेत. त्यांच्या पुढच्या फळ्यांवर येशूचे शिष्य ओळीने कोरलेत, प्रत्येकाच्या हातात आपापली खूण, पीटरकडे किल्ल्या वगैरे. काम उत्तम आहे, पण बाकांवरच्या पाप्यांइतकं जिवंत नाही. संत कोरताना कारागीर जरा सावरून बसतो, हे सगळीकडेच असावं. माझं लक्ष गेलं ते वरच्या फळीकडे. पुढे एका काळात या जागा शाळेच्या पोरांना वापरायला दिल्या होत्या. दौतीसाठी भोकं पाडलीत. आणि एका पोराने नाव कोरलंय : डर्क लोवर्सन, स्टॉकहोमचा, साल १६६५, वय १२. अक्षरं छान खोल, ओळ सरळ. चाकू धारेचा होता आणि मास्तर वर्गात नव्हते. आमच्या वर्कशॉपच्या टेबलांवर अशी किमान साठ नावं होती, दरवर्षी ती रंध्याने काढायला लावायचो. त्या फळीपाशी उभा राहून वाटलं की दोन-चार ठेवली असती तर चाललं असतं.

बाप्तिस्म्याचं दगडी पात्र आठ बाजूंचं आहे आणि आठही बाजूंची चित्रं फोडून सपाट केलीत. हाताच्या उंचीला होतं ना. ते बघताना मला वर अडकलेले देवदूत पुन्हा एकदा नीट दिसले. नेव्ह आणि चान्सेलच्या मधला लाकडी पडदा बराचसा नंतर दुरुस्त केलेला आहे. काम सुबक, रेषा काटेकोर, आणि मी तिथं एक मिनिटही थांबलो नाही.

उत्तरेच्या दारापाशी मात्र गर्दी असते. त्याची कथा अशी. ४ ऑगस्ट १५७७, रविवार, प्रार्थना चालू. भयंकर वादळ झालं, मनोऱ्यावरचं टोकदार शिखर छत फोडून आत कोसळलं, माणसं दगावली. ते शिखर पुन्हा कधी बांधलं नाही, मनोरा आजही बोडका आहे. त्याच दिवशी जवळच्या बंगी गावातल्या चर्चवरही असाच प्रकार झाला. लोकांनी सांगितलं की वादळातून एक काळा कुत्रा आला होता, साक्षात सैतान. ब्लॅक शक त्याचं नाव. जाताना त्याने दारावर पंजे मारले, त्याच्या भाजलेल्या खुणा म्हणजे हे काळे डाग. नातू दाराला डोळे लावून बसला.

मी जवळून बघितलं. डाग लांबट आहेत, खाली गोल, वर निमुळते. मेणबत्ती किंवा वात लाकडाजवळ तिरकी धरून ठेवली की नेमका हाच आकार उमटतो. आमच्या वर्कशॉपमध्ये लाइट गेली की पोरं कपाटाच्या फळीला मेणबत्ती चिकटवायची, त्या कपाटावर असे डझनभर कुत्रे येऊन गेले होते. इंग्लंडातल्या बऱ्याच जुन्या घरांत आणि चर्चमध्ये असे ज्योतीचे डाग आहेत, आणि आग-विजेपासून राखण म्हणून लोक ते मुद्दाम उमटवत, असं मानणारे अभ्यासक आहेत. हे मी नातवाला सांगितलं नाही. कुत्रा त्याचा त्याला असू दे.

आता आभाराचं. हे सगळं राहिलं कसं? एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या पैसेवाल्या गावांनी आपापली जुनी चर्चं 'सुधारली'. किडके बाक काढून पिवळ्या पाइनचे चकचकीत बाक बसवले, व्हार्निश मारलं, रंग नव्याने भरले. ब्लायबराकडे तेवढे पैसे नव्हते. छत इतकं गळायचं म्हणे, की लोक प्रार्थनेला छत्र्या उघडून बसत. १८८१ मध्ये इमारत धोकादायक म्हणून चर्च बंद केलं. मग दुरुस्ती कशी करायची यावर वाद पेटला. विल्यम मॉरिस, तोच नक्षीदार कागदांचा आणि कापडांचा मॉरिस, त्याने १८७७ मध्ये जुन्या इमारती राखण्यासाठी एक संस्था काढली होती. त्या मंडळींचं म्हणणं, की मोडेल तेवढंच सांधा, नवं करू नका, जुन्यासारखं दिसणारं तर मुळीच करू नका. गावातल्या मंडळींचं म्हणणं, सल्ला फुकट आहे, पैसे कोण देणार? दोघांचंही खरं होतं. आमच्या गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराच्या बैठकीत मी स्वतः मॉरिसच्या बाजूने बोललो होतो, त्याचं नावही माहीत नसताना. हरलो. कडीपाट गेला, स्लॅब आला, वर डिस्टेंपर. इथं पैसे थोडे थोडे, हळूहळू येत गेले, म्हणून काम थोडं थोडं, हळूहळू झालं. विटलेला रंग विटलेलाच राहिला.

छताखाली आवाज कसा घुमतो ते मी पाहिलं नाही, पण संगीतवाल्यांना ही जागा ठाऊक आहे. जवळच्या ऑल्डबरा संगीत महोत्सवाचा स्नेप गावातला हॉल १९६९ च्या जून महिन्यात पहिल्याच रात्री जळाला, तेव्हा इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनने मोत्झार्टचा 'इडोमेनेओ' ऑपेरा उचलून या चर्चमध्ये आणला. बाकांवरची पापं पहिल्या रांगेत बसली असणार.

व्यवहाराचं बोलू. आत जायला तिकीट नाही. पंधराव्या शतकातली लाकडी दानपेटी आहे, पुढच्या बाजूला कोरीव जाळी. पेटी बघून तीत काही न टाकता बाहेर पडणं मला तरी जमलं नाही. मोटार नसेल तर इप्सविच-लोवस्टॉफ्ट रेल्वेवर डार्शम किंवा हेल्सवर्थला उतरता येतं, तिथून पुढे मात्र बस किंवा टॅक्सी बघावी लागते. स्वेटर न्या, एप्रिलमध्येही. दगडी इमारत थंडी धरून ठेवते. पळत पळत बघायचं असेल तर वीस मिनिटं पुरतात. लाकडाची आवड असेल तर बरोबरच्यांना साउथवोल्डला मासे खायला पुढे पाठवा.

दुसऱ्यांदा गेलो ते रविवारी, प्रार्थनेच्या वेळी. कारण आजीबाई. पहिल्या दिवशी निघताना त्यांनी मला पूर्वेकडच्या बाजूला उभा असलेला एक लाकडी माणूस दाखवला. जॅक म्हणतात त्याला. दाढीवाला, चिलखत चढवलेला, शेजारी घंटा. पूर्वी तो घड्याळाला जोडलेला होता, तास झाला की घंटा मारायचा. त्यावर १६८२ साल आहे आणि तास सरतात तसं माणसाचं आयुष्य सरतं, अशा अर्थाच्या दोन ओळी. घड्याळ आता नाही, पण प्रार्थना सुरू करायची वेळ झाली की दोरी ओढून त्याच्याकडून घंटा मारून घेतात. "ते ऐकायचं तर रविवारी या," म्हणाल्या.

जावयांनी तोंड वाकडं न करता गाडी काढली, याची नोंद इथं करतो. आम्ही मागच्या बाकावर बसलो, ढोंगी माणसाच्या शेजारी. माणसं थोडीच होती, बहुतेक माझ्या वयाची. आजीबाईंनी लांबून हात केला. मग कुणीतरी दोरी ओढली. जॅकने हात उचलला आणि घंटेवर मारला. आवाज छोटाच, पण सगळे एकदम उभे राहिले. आम्हीही राहिलो.

ही कानात म्हणाली, "झालं समाधान?"

झालं. फक्त त्याच्या खांद्याच्या सांध्यात किंचित खेळ आहे. हात वर जाताना सरळ जातो, येताना पाव बोट बाहेर येतो. खुंटी झिजली असणार. साडेतीनशे वर्षं व्हायला आली, एवढं चालायचंच.